ताप उतरला की मोबदलाही उतरतो : हिवताप निर्मूलनाच्या अधिकाऱ्यांना एका गटप्रवर्तकाचे खुले पत्र

प्रति,
राज्यातील हिवताप निर्मूलनाचे नियोजन, निधी आणि मोबदला ठरवणारे सर्व अधिकारी

सविनय नमस्कार.

मागच्या मासिक सभेत आमच्या आशाताईंना एकेक छापील पान देण्यात आले. 'आपण आपल्या कामाबाबत समाधानी आहात का?' असा वर प्रश्न आणि खाली पाच चौकटी. जेवणाच्या सुट्टीआधी भरून द्यायचे होते. बहुतेक जणींनी 'समाधानी'वर खूण केली. नंतरच्या एका आढावा बैठकीत मोबदल्याचा विषय निघाला, तेव्हा हीच पाने पुढे करण्यात आली. आशा समाधानी आहेत, त्यांनीच तसे लिहून दिले आहे, तेव्हा हिवतापाच्या कामाचे दर आणि पद्धत सध्या आहे तशीच राहू द्यावी, असे ठरले. हे मला मान्य नाही. आजवर दिलेल्या निवेदनांच्या पोचा माझ्या फाइलीत आहेत, उत्तर एकाचेही नाही. म्हणून या वेळी पत्र उघडपणे लिहिते आहे. गडचिरोलीबाहेरच्या लोकांनीही ते वाचावे, अशी इच्छा आहे.

मी या जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात काम करते. आधी आशा होते, आता गटप्रवर्तक आहे. पूर्वी मी स्वतः बोटातून रक्ताचा थेंब काढायचे. आता ज्या काढतात त्यांची बिले तपासते, त्यांच्याबरोबर टोल्याटोल्यांवर, म्हणजे गावापासून दूरच्या लहान वस्त्यांवर, फिरते आणि त्यांच्या अडचणी वर कळवते. गटप्रवर्तकांचेही प्रश्न आहेत आणि ते लहान नाहीत, पण ते या पत्रात आणत नाही. हे पत्र आशाताईंच्या हिवतापाच्या कामापुरते आहे. केंद्राचे किंवा अधिकाऱ्याचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. एका माणसाची बदली करून मिटतील अशा या तक्रारी नाहीत.

आधी समाधानाविषयी बोलते, कारण तुम्ही तेच विचारले आहे.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी एका आशाताईबरोबर नाल्यापलीकडच्या टोल्यावर गेले होते. चार-पाच वर्षांच्या पोराला हुडहुडी भरून ताप आलेला. आईला बांधीतून बोलावून आणलेले, पायांचा चिखल तसाच. ताईने पोराचे बोट स्पिरिटने पुसले, सुकू दिले, लॅन्सेट टोचली, थेंब हिवताप तपासणीच्या किटच्या खाचेत सोडला, दुसऱ्या खाचेत द्रावण टाकले. मग वीस मिनिटे थांबायचे. या वीस मिनिटांत आशा काय करते, हे कुठल्याच अहवालात येत नाही. आई माडिया बोलीत विचारत होती, ही माडियातच सांगत होती. झाडफुकीसाठी पुजाऱ्याकडे जाऊन आलात का, हे तिने रागावून नाही, सहज विचारून घेतले. घरात आणखी कोणाला ताप येऊन गेला, धान राखायला रात्री शेतावर कोण झोपते, मच्छरदाणी अंथरुणावर लागते की गुंडाळून ठेवलेली असते, हे सगळे तिने बोलता बोलता काढून घेतले. किटवर रेघ उमटली, फॅल्सिपेरम या हिवतापाच्या जास्त धोक्याच्या प्रकाराची. तिने वयाप्रमाणे गोळ्यांची पट्टी काढली, पोराला आधी थोडे खायला लावले, पहिला डोस समोर दिला आणि अर्धा तास तिथेच बसून राहिली, कारण उलटी झाली तर डोस परत द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी ते पोर कोंबड्यांमागे धावत होते.

आशाताईंनी 'समाधानी'वर खूण केली ती यासाठी. ज्या घरांत पूर्वी तापाने मूल गेले की करणीचा संशय घेतला जायचा, त्या घरांतून आता मध्यरात्री माणूस येतो आणि 'ताई, किट आहे का?' म्हणून विचारतो. गावाने टाकलेला हा विश्वास फार मोठा आहे आणि त्याचे समाधान खरे आहे. पण ते त्यांना गावाने दिले आहे, तुम्ही नाही. मोबदल्याची मागणी बाजूला सारायला ते तुम्हाला वापरता येणार नाही. त्याच पानावर 'पैसे वेळेवर मिळतात का', 'किट संपल्यावर तुम्ही काय करता', 'तुम्हाला स्वतःला ताप आला तर तुमचे काम कोण बघते' असे प्रश्न असते, तर खुणा वेगळ्या चौकटींत पडल्या असत्या. ते प्रश्न कोणी विचारले नाहीत, म्हणून त्यांची उत्तरे इथे लिहिते.

सर्वांत मोठी तक्रार पैसे किती मिळतात यापेक्षाही ते कसे मोजले जातात याची आहे. हिवतापाच्या कामाचा मोबदला नगावर आहे. तपासणीमागे, मग ती किटची असो वा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या काचपट्टीची, १५ रुपये. रुग्ण सापडला आणि त्याचा उपचार पूर्ण झाला तर त्याचे वेगळे, तपासणीच्या कितीतरी पट. म्हणजे गावात रुग्ण जास्त तर बिल मोठे, रुग्ण कमी तर बिल लहान. आता माझ्या गटातल्या एका ताईचे उदाहरण घ्या. तिच्या टोल्यांवर पूर्वी पावसाळा लागला की घरटी एकजण तापाने झोपलेला असायचा. तिने फवारणीच्या वेळी घरोघरी हिंडून लोकांना भिंती मोकळ्या करायला लावल्या, मच्छरदाण्या वापरायला लावल्या, तापाचा माणूस दिसला की त्याच दिवशी तपासला. काही वर्षांत रुग्ण तुरळक झाले. ती आजही तेवढीच चालते. उलट जास्तच चालते, कारण आता सापडायचा रुग्ण लांबच्या टोल्यावरचा असतो, सीमेपलीकडून पाहुणा आलेला असतो किंवा मजुरीहून परतलेला असतो. पण तिच्या बिलातली उपचाराची ओळ महिनोन्महिने कोरी जाते. गावातला ताप उतरला आणि तिचा मोबदलाही उतरला. जिने काम सर्वांत चांगले केले तिलाच सर्वांत कमी मिळते, अशी ही पद्धत आहे.

ही चूक फक्त अन्यायाची असती तरी मी लिहिले असते. पण ती हिवतापाच्या दृष्टीनेही धोक्याची आहे. देशाच्या २०१६ ते २०३० च्या आराखड्यात २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणायचे आणि २०३० पर्यंत हिवताप संपवायचा असे ठरले आहे. शून्य झाल्यावरही काम थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र मिळायला स्थानिक लागण सलग तीन वर्षे बंद आहे, हे दाखवावे लागते, आणि ते दाखवायचे म्हणजे तापाचा प्रत्येक माणूस तपासत राहायचे. त्या तीन वर्षांत आशाने रोज चालायचे, रोज टोचायचे, प्रत्येक किट निगेटिव्ह यायची, आणि हे सगळे १५ रुपयांवर. कोणती बाई हे किती दिवस करील? घरी लेकरे आहेत, रोवणी आहे, तेंदूपत्त्याचा हंगाम आहे. आणि जी सोडून जाईल तिच्याबरोबर तिची नजरही जाईल. कोणत्या घरातला म्हातारा ताप लपवतो, कोणाचा मुलगा परवाच बाहेरून आला, हे तिला माहीत असते. नव्या बाईला ते कळायला दोन पावसाळे जातात.

आपल्या देशाने हे एकदा भोगलेले आहे. १९५८ मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९६१ साली देशातल्या नोंदलेल्या रुग्णांची संख्या ५० हजारांच्या आसपास आली. आता संपलेच, असे तेव्हाही वाटले होते. पुढे डास कीटकनाशकाला दाद देईनासे झाले, साहित्य कमी पडू लागले, घरोघरची पाहणी सैल झाली, आणि १९७६ साली नोंदलेले रुग्ण ६४ लाखांवर गेले. शेजारच्या श्रीलंकेत १९६३ मध्ये वर्षभरात १७ रुग्ण उरले होते. त्याच दशकाच्या शेवटी तिथे पाच लाखांहून अधिक रुग्णांची साथ आली. ताप कमी झाला की पहिले दुर्लक्ष होते ते तपासणाऱ्या माणसाकडे. तुमच्या मोबदल्याच्या तक्त्यात हे दुर्लक्ष आधीच लिहून ठेवलेले आहे.

ओडिशाने दुर्गम भागांसाठी २०१६-१७ पासून जी मोहीम चालवली, ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिथे ताप नसलेल्या माणसांचेही रक्त तपासले, कारण अंगात जंतू घेऊन हिंडणारा आणि तरीही ठणठणीत दिसणारा माणूसच डासाला जंतू पुरवत राहतो. २०१६ मध्ये त्या राज्यात ४ लाख ४० हजारांहून अधिक रुग्ण होते, २०१९ मध्ये ते ४० हजारांच्या आत आले. दारोदार फिरून लोकांना शिबिरापर्यंत आणले ते तिथल्या आशांनी. आमच्याकडेही अशी शिबिरे होतात, आणि लोकांना आमच्याच ताया आणतात. ताप नसताना बोट का टोचायचे, हे एका माडिया आजोबांना पटवायला किती वेळ लागतो, ते एकदा आमच्याबरोबर येऊन पाहा. त्या वेळेची किंमत १५ रुपयांत बसत नाही.

दुसरी गोष्ट व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या प्रकाराची. फॅल्सिपेरमच्या गोळ्या तीन दिवसांच्या. व्हायवॅक्सला क्लोरोक्विनबरोबर प्रायमाक्विन चौदा दिवस द्यावे लागते, नाहीतर यकृतात दडलेला जंतू काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो. चौथ्या दिवसापासून रुग्ण म्हणतो, मी बरा आहे, गोळी कशाला? तिथून पुढचे दिवस आशाने त्याच्या मागे हिंडायचे. तो मोह वेचायला गेला तर जंगलात, बाजाराला गेला तर परतीच्या वाटेवर. शिवाय लघवी काळपट होत नाही ना, हेही विचारत राहायचे, कारण काहींना हे औषध सोसत नाही आणि तसे दिसले तर लगेच थांबवून केंद्रात कळवावे लागते. इतक्या जबाबदारीच्या चौदा दिवसांना आणि तीन दिवसांच्या उपचाराला तक्त्यात वेगवेगळे वजन नाही. चौदातले दहा दिवस ती गेली आणि रुग्ण मजुरीला परराज्यात निघून गेला, तर उपचार 'अपूर्ण' आणि मोबदला शून्य. असे बिल माझ्यासमोर येते तेव्हा नियमाप्रमाणे मला ती ओळ वगळावी लागते, आणि ताईला कारण सांगताना माझ्याकडे शब्द नसतात.

किटचा पुरवठा हा तिसरा मुद्दा. पावसाळ्यात नाले भरले, पूल पाण्याखाली गेले की आमच्या कितीतरी गावांचा संपर्क तुटतो. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागड तुटल्याची बातमी राज्य दरवर्षी वाचते. बातमीत न येणारी गावे खूप आहेत. हिवतापाचा जोर याच दिवसांत असतो आणि किटही याच दिवसांत संपतात. मग काचपट्टी घ्यायची. पट्टी केंद्रात पोचणार ती कोणी जाणारा भेटला तर, आणि तिथे तंत्रज्ञाची जागा रिकामी असली तर पुढे तालुक्याला. तपासणीचा निकाल चोवीस तासांत कळावा असे तुमचेच मार्गदर्शन आहे. आमच्याकडे निकाल आला तेव्हा रुग्ण बरा होऊन कामाला लागलेला असतो किंवा खाटेची कावड करून त्याला दवाखान्यात नेलेले असते. गाव त्याचा जाब आशाला विचारते. 'तू रक्त नेलेस, मग गोळी का नाही दिलीस?' या प्रश्नापुढे ती एकटी उभी असते. किटचा पुरवठा कोणत्या टेबलावर अडला, हे गावाला दिसत नाही. गावाला ताईच दिसते.

याच ओघात साठवणीचेही सांगते. मे महिन्यात आमच्याकडे पत्र्याखालच्या खोलीत माणूस बसू शकत नाही. त्याच खोलीत किट राहतात. उन्हाने खराब झालेल्या किटवर निगेटिव्ह आलेले बोट खरोखर निगेटिव्ह आहे का, हे आशा कशावरून ओळखणार? आणि महिन्याभरापूर्वी फॅल्सिपेरमचा उपचार घेतलेल्या माणसाला पुन्हा ताप आला तर किट जुन्या लागणीचीही रेघ दाखवू शकते, तेव्हा काचपट्टीच पाहावी लागते. हे सगळे तिला प्रशिक्षणात एकदा सांगितलेले असते. उजळणी होत नाही. उजळणीच्या दिवशी बहुतेक वेळ ऑनलाइन नोंदी कशा भरायच्या यातच जातो.

ऑनलाइन नोंदींबद्दल थोडक्यात. टोल्यावर रेंज नाही. ताई आधी वहीत लिहिते, मग रेंजसाठी टेकडीवर किंवा रस्त्यावर जाऊन तेच मोबाइलमध्ये भरते, मग महिन्याच्या शेवटी बिलासाठी तेच पुन्हा कागदावर उतरवते. एक रुग्ण तीनदा लिहायचा. यातले एक तरी बंद करा.

पैसे मिळण्याविषयी. हिवतापाच्या कामाचे पैसे मागाहून येतात, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम, आणि खात्यात नुसती रक्कम दिसते. कशाचे किती, काय कापले आणि का कापले, याची चिठ्ठी मिळत नाही. ज्या बाईने प्रत्येक रुग्णाचे नाव, वय, तारीख आणि गोळीचा हिशेब तुम्हाला दिला, तिला तिच्या स्वतःच्या पैशाचा हिशेब मिळू नये, हे मला फार लागते. ताया विचारतात, मी वर विचारते, वरचे आणखी वर विचारतात. शेवटी ताई विचारायचे सोडून देते. त्या पानावर खूण करताना अशा कित्येक जणींनी विचारायचे सोडून दिलेले होते, हेही लक्षात घ्या.

आता ज्या गोष्टीने मला हे पत्र लिहायला सर्वांत जास्त भाग पाडले ती. आशा राहते त्याच गावात डास आहेत. तिलाही हिवताप होतो. माझ्या गटातल्या एका ताईने अंगात ताप असताना स्वतःचे बोट टोचून किट लावली, फॅल्सिपेरम निघाला, तिने गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रुग्णाला त्याचा डोस द्यायला ती चालत गेली, कारण द्यायला दुसरे कोणी नव्हते. आरोग्य सेवकाची जागा रिकामी होती. महिन्याच्या बिलात तिने आपल्या तपासणीची ओळ लिहिली. पडताळणीत त्या ओळीवर लाल रेघ मारून ती परत आली. आशाने स्वतःची तपासणी बिलात दाखवू नये, असे शेजारी लिहिलेले. १५ रुपयांचा प्रश्न नव्हता, तिनेही तो केला नाही. तिने मला एवढेच विचारले, 'मॅडम, मी गावात मोजली जात नाही का?' तिला आजारपणाची रजा नाही. ती अंथरुणावर पडली त्या दिवसांचा एक पैसा तिला मिळाला नाही.

झालेल्या चांगल्या गोष्टी मी नाकारत नाही. २०२३ च्या शेवटी आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये आशांनी संप केला. आधी ७,००० रुपये वाढीची घोषणा झाली होती, मार्च २०२४ मध्ये राज्याने ५,००० रुपयांची वाढ दिली. केंद्राने २०२५ मध्ये नियमित कामांचा मासिक मोबदला २,००० वरून ३,५०० रुपयांवर नेला. अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी राज्याने मदत ठरवली. या वाढींनी घराघरांत फरक पडला, मी तो पाहिला आहे. पण प्रत्येक वेळी हातातले काम सोडून मुंबईच्या मैदानात बसावे लागले, आणि हिवतापाच्या कामाची नगावरची मोजणी या सगळ्यात होती तिथेच राहिली.

मी मागते आहे ते नवे नाही. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजनांमध्ये काम करणाऱ्या अशा स्त्रियांना कामगार माना, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्या, अशी शिफारस केली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कामाच्या भाराला साजेसा मोबदला द्यावा आणि तो पूर्णपणे किंवा मुख्यतः नगावर ठेवू नये, असे त्यांत आहे. त्याच संघटनेने मे २०२२ मध्ये देशातल्या दहा लाखांहून अधिक आशांना गौरवले, तेव्हा तुम्ही सर्वांनी अभिनंदन केले होते. तिचा पुरस्कार आपण घेतला, तिची सूचनाही घ्यावी.

पैशाशिवायची एक गोष्ट आहे. तिला खर्च जवळजवळ नाही, आणि माझ्या अनुभवात कामावरचा जीव टिकवायला पैशाखालोखाल तीच लागते. आशा दर महिन्याला आकडे वर पाठवते, खाली काहीच येत नाही. तिच्या टोल्यांवर पाच वर्षांपूर्वी किती रुग्ण होते आणि आज किती, हे तिला कोणी सांगत नाही. मी एकदा जुन्या वह्यांवरून एका ताईचा असा तक्ता हाताने काढून दिला. तिने तो गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात, नेऊन गावाला वाचून दाखवला. त्या वर्षी फवारणीला एकाही घराने नाही म्हटले नाही. एवढे मोठे साधन तुमच्या संगणकात पडून आहे आणि ते आमच्यापर्यंत येत नाही.

आमच्या मागण्या अशा.

एक, हिवतापाचा जोर असलेल्या जिल्ह्यांत ताप सर्वेक्षण आणि तपासणीसाठी आशांना ठरावीक मासिक रक्कम द्या, रुग्ण सापडोत वा न सापडोत. ज्या गावात रुग्ण शून्य झाले तिथे ही रक्कम कमी होणार नाही, असे शासन निर्णयात स्पष्ट लिहा.

दोन, व्हायवॅक्सच्या चौदा दिवसांच्या पाठपुराव्याचा मोबदला वेगळा आणि भेटीनुसार धरा. रुग्ण गाव सोडून गेला तर झालेल्या भेटी बुडवू नका.

तीन, पावसात तुटणाऱ्या गावांत ऑक्टोबरपर्यंत पुरतील एवढे किट, गोळ्या, लॅन्सेट आणि हातमोजे मे अखेर आशाच्या हाती पोचवा, आणि उन्हात किट कुठे ठेवायचे याची सोय करा. तंत्रज्ञ आणि आरोग्य सेवकांच्या रिकाम्या जागा भरा. त्या भरेपर्यंत जे काम आशा करते त्याचे पैसे तिला द्या.

चार, दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पैसे आणि त्याबरोबर कामवार हिशेबाची चिठ्ठी द्या. काही कापले तर कारण लिहा.

पाच, होडीने, गाडीने किंवा पायी, दूरच्या टोल्यांसाठी प्रवासभत्ता द्या. आशा स्वतः हिवतापाने आजारी पडली तर त्या दिवसांचा मोबदला चालू ठेवा, तिची आणि तिच्या घरच्यांची तपासणी इतर गावकऱ्यांसारखीच नोंदवा.

सहा, एका रुग्णाची एकच नोंद मागा.

सात, प्रत्येक आशाला तिच्या गावाचा वर्षवार तक्ता दर वर्षी जूनमध्ये, हिवताप प्रतिरोध महिन्याच्या सुरुवातीला, छापून द्या.

आणि समाधान पुन्हा मोजायचे असेल तर जरूर मोजा. फक्त त्या पानावर नाव आणि गाव मागू नका, ते अधिकाऱ्यासमोर बसवून भरून घेऊ नका, आणि ज्यांना मराठी वाचायला जड जाते त्यांना माडियात, गोंडीत विचारा.

या पत्राचे लेखी उत्तर येत्या जूनच्या आधी हवे आहे. कोणती मागणी मान्य, कोणती नाही, आणि नाही तर का, एवढे पुरे. उत्तर मराठीत आणि सोपे द्यावे, म्हणजे मला ते मासिक सभेत सर्व आशाताईंना जसेच्या तसे वाचून दाखवता येईल.

आपली,
एक गटप्रवर्तक
गडचिरोली जिल्हा